पोरींना जेवू कोण घालतंय?

तुळजापूर,
शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

चि. चारू,

आशीर्वाद आहेतच. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. आशीर्वादही फाटेल, पण त्याला इलाज नाही.

तू म्हणशील, तात्या, या जमान्यात फोन करायचा सोडून पत्र काय लिहिता? तर कारण सांगतो. मला कमी ऐकू येतं, त्यामुळं मी फोनवर बोललो की पलीकडच्या गल्लीला ऐकू जातं. आणि घर सध्या नवरात्राच्या पाहुण्यांनी भरलंय. व्हॉट्सअ‍ॅप आहे, पण ते शौनकनं लावून दिलंय. मी लिहिलेलं आणखी कोण कोण वाचतं याची मला खात्री नाही. शौनक माझा मुलगा आणि तुझा चुलतभाऊ असला तरी निवेदिताचा नवरा आहे, हे विसरून चालत नाही. तुमच्या कराडची मंडळी रोज दर्शनाला येतात. त्यांतल्याच एका गृहस्थांच्या हाती हे देतोय. पाकीट डिंकानं चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर कळव.

आता मुद्दा. आमच्या गल्लीच्या खो-खो मंडळाचा मी खजिनदार आहे आणि पोरींच्या संघाची सगळी व्यवस्था निवेदिता बघते, हे तुला माहीत आहे. चौदा वर्षांखालच्या बारा पोरी घेऊन ती काल तुमच्या कराडला आली. आधी सराव शिबिर, मग स्पर्धा, आणि अष्टमीला संध्याकाळी अंतिम सामना. ऐन नवरात्रात घर सोडून गेली, त्यावर मी काही बोललो नाही. जाणं एसटीनं, बायका-पोरींना अर्धं तिकीट. मुक्काम शाळेच्या वर्गात, फुकट. जेवण मात्र ज्याचं त्यानं बघायचं. त्यासाठी मंडळाचे पैसे मी माझ्या हातानं तिला दिले.

आणि आज तिचा निरोप आला: "तात्या, जेवणाचे पैसे लागत नाहीत. सगळे परत आणते."

चारू, माझी हयात जिल्हा परिषदेत कारकुनी करण्यात गेली. दौऱ्याला दिलेले पैसे कमी पडले, हे मी हजारदा ऐकलं. परत आलेत, हे एकदाही ऐकलं नाही. मी विचारलं, मग पोरींना जेवू कोण घालतंय? तर उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र आलं. हात कशाला जोडते? कुठं तरी पाणी मुरतंय.

मला संशय कसला आहे तेही सांगतो. गेल्या वर्षी माकणीच्या शिवकांताचं असंच झालं. शहरातल्या एका क्लबवाल्यांनी आधी त्या पोरीच्या संघाला जेवण दिलं, मग बूट दिले, मग वसतिगृह दाखवलं. आज शिवकांता त्यांच्याकडून खेळते आणि माकणीच्या मैदानात शेळ्या चरतात. आमच्याकडं तशी पोरगी एकच आहे, मिनाज. देवळाच्या रस्त्याला बांगड्यांचं दुकान असलेल्या चाँदपाशाची. बारीक अंगाची, डाव्या भुवईवर खांब लागल्याची खूण. ती खांबाला हात लावून वळते तेव्हा मागचीला वाटतं ही डावीकडं गेली, आणि ही उजवीकडून पसार झालेली असते. ती गेली तर संघात उरतं काय?

निवेदिता तिचा सौदा करत असेल असं मला म्हणवत नाही. पण मनात येतं ते येतं. कोजागरीला मंडळाची बैठक आहे. सून आहे म्हणून पांघरूण घालणारा मी नव्हे. काही वावगं निघालं तर संघ तिच्याकडून काढून घेईन, मग घरात अबोला झाला तरी चालेल. तेव्हा तू गुपचूप बघ, पोरी कुठं जेवतात, कोण नेतं, आणि मिनाजच्या जवळ कोण घुटमळतं.

तात्या


कराड,
सोमवार, ७ ऑक्टोबर

ती. तात्यांस चारूचा नमस्कार.

पाकीट बंदच मिळालं. तुमचा डिंक इतका पक्का, की पाकिटाबरोबर पत्राचा कोपराही फाटला. उरलेलं वाचून मग फाडलं.

तुम्ही अगदी योग्य माणसाला काम सांगितलंत. विम्याची पॉलिसी विकत मी दहा वर्षं लोकांच्या दारावर काढलीत. कोण घरात असून नाही म्हणतं ते मला पायरीवरच्या चपलांवरून कळतं. काल आणि आज दोन्ही दिवस स्कूटीवर हेल्मेट घालून शाळेजवळ थांबले. यांना सांगितलं की मैत्रिणीकडं भजनाला जाते.

तात्या, तुमचा संशय खोटा असावा असं वाटून मी गेले होते. आता तसं वाटत नाही.

सकाळी पोरी मैदानात असतात. दुपार व्हायला आली की सगळ्या आंघोळी करून, वेण्या घालून, चांगले फ्रॉक आणि परकर घालून बाहेर येतात. खेळायला आलेल्या पोरींनी बॅगेत परकर कशाला आणावेत? मग एक पांढरी गाडी आणि तिच्यामागं दोन रिक्षा येतात. गाडीतून कडक इस्त्रीचे एक गृहस्थ उतरतात. निवेदिता त्यांना वाकून नमस्कार करते. मी मागोमाग गेले. मोठा बंगला. पोरी आत गेल्या आणि दार लागलं. पायरीवर बारा जोड चपला ओळीनं. तासाभरानं दार उघडलं तेव्हा सगळ्या पोरी सुस्तावलेल्या, कपाळाला लाल टिळे लावलेल्या, जणू एखाद्या पक्षात प्रवेश करून आल्यात. मिनाजच्याही कपाळाला टिळा होता. तिची भुवई मी लगेच ओळखली. आणि प्रत्येकीच्या हातात एकसारखी पिशवी.

आज दुसरा बंगला, दुसरे गृहस्थ. हे तर आणखी वयस्क. आणि आज मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते. निघताना ते गृहस्थ दारात एकेका पोरीपुढं वाकत होते, पार पायापर्यंत. मिनाजपुढं तर जास्त वेळ वाकले. मला तरी वाटतं, बुटाचं माप घेत असावेत.

निवेदिताला काही विचारलं नाही. ती मात्र रिक्षात बसताना एकदा मागं वळून माझ्या स्कूटीकडं बघून हसली. हेल्मेट होतं, ओळखलं नसेल.

निवेदिता तशी नाही हो. लग्नात तिनं माझ्या हातातली ताटं घेऊन पंगत वाढली होती. पण पैसा आणि कौतुक यांच्यापुढं माणसाचं काय होतं ते मी विम्याच्या धंद्यात बघितलंय.

आज्ञा कळवा.

चारू


तुळजापूर,
मंगळवार, ८ ऑक्टोबर

चि. चारू,

बुटाचं माप! माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिवकांताच्या वेळी जेवणानंतर बूटच आले होते. आणि एकसारख्या पिशव्या म्हणजे दुसरं काय असणार? किट. आमच्या पोरींच्या अंगावर दुसऱ्याचा रंग चढवायची तयारी चाललीय. टिळा लावला म्हणजे शब्द घेतला. एवढं होईपर्यंत निवेदितानं मला ताकास तूर लागू दिली नाही.

काल चाँदपाशाच्या दुकानावर गेलो. सहज म्हणून विचारलं, पोरीचा काही फोन? तो म्हणाला, "व्हय तात्या, रोज येतो. लई खूश हाय. म्हणती, अब्बा, हितं रोज दावत चाललीय." मी विचारलं, कोण देतंय दावत? तर म्हणाला, "म्या न्हाय इचारलं. निवेदिता ताई संगं हायत, म्या कशाला इचारू?" बापाचा एवढा भरवसा आणि मी सासरा असून मला नाही. रात्रभर तेच डोक्यात राहिलं. पण तो बांगड्या विकतो, मी हिशेब तपासलेत. भरवसा ठेवणं त्याला परवडतं.

तू मिनाजवरची नजर काढू नकोस. ती काय बोलते, काय घेते, कोणाकडं बघते, सगळं बघ. पोरगी गरीब घरची आहे, तिला फितवणं सोपं.

आता दुसरं काम, आणि हे घरचं आहे. तुझी काकू दर अष्टमीला नऊ कुमारिका जेवू घालायची. ती गेल्यावर मी ते मोडलं नाही. निवेदिता सगळं करत आली. यंदा ती तिकडं. आणि गंमत बघ, आमच्या गल्लीत कुमारिकाही शिल्लक नाहीत, सगळ्या तिनं खो-खोला नेल्या. तेव्हा यंदा माझ्या नावानं तू तुझ्या घरी नऊ पोरी जेवू घाल. पैसे सोबत पाठवतोय.

पुरणाचाच स्वयंपाक कर. पाय धू, पुसून कुंकू लाव, खण दे. आणि वाढताना काकूची पद्धत लक्षात ठेव. पोळी संपायच्या आत दुसरी पानात पडली पाहिजे. पोरगी नको म्हणाली की समजायचं, अजून दोन जातात. तूप धार लावून. हात आखडू नकोस, पैसे माझे आहेत. एक जरी पोर अर्धपोटी उठली तर तुझ्या काकूला पोचायचं नाही.

हेही पत्र फाड.

तात्या


कराड,
शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

ती. तात्यांस नमस्कार. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. आणि आता बसून वाचा.

तुमचे पैसे मिळाले तेव्हाच मी कुमारिका शोधायला लागले. तात्या, शहरात अष्टमीला पोरी मिळणं म्हणजे लग्नसराईत आचारी मिळण्यासारखं. आमच्या इमारतीतली प्रत्येक पोरगी चार-चार घरी ठरलेली. एक पोरगी तर मला म्हणाली, "काकू, तुम्ही काय देणार आहात?" मी रडकुंडीला आले. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अहो काळजी कशाला करता? नऊच्या नऊ एकदम मिळतील. थेट तुळजापूरच्या. एका बाईंना फोन करायचा, त्या घेऊन येतात. सगळ्या कराडात यंदा त्याच पोरी जेवतायत."

माझ्या अजूनही डोक्यात प्रकाश पडला नाही. मी म्हटलं, करा फोन.

काल अकराला बेल वाजली. दार उघडलं तर समोर निवेदिता. मागं बारा पोरी, परकर नेसलेल्या. माझ्या हातात पाय धुवायची परात तशीच राहिली. निवेदिता म्हणाली, "चारुताई, रोज उन्हात स्कूटीवर थांबलात. पहिल्याच दिवशी बोलावलं असतंत तर आलोच असतो की."

तात्या, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ते कडक इस्त्रीचे गृहस्थ स्पर्धा भरवणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या आईला तुळजापूरच्या पोरी आल्यात असं कळलं आणि तिनं जेवायला बोलावलं. खो-खोत नऊ जणी खेळतात आणि कुमारिकाही नऊच लागतात, हे त्या म्हातारीच्या आधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग एका घरातून दुसऱ्या घरी गोष्ट गेली. वाकणारे म्हातारे बुटाचं माप घेत नव्हते, पाया पडत होते. पिशवीत खण, नारळ आणि दक्षिणा. परकर तर नवरात्र म्हणून आयांनीच बॅगेत घातले होते. दक्षिणेचं पाकीट पोरींनी घरी न्यायचं, आणि मंडळाचे वाचलेले पैसे पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला वापरायचे, असा तिचा बेत. "मंडळ वर्षाला एकाच स्पर्धेला पैसे देतं," ती म्हणाली. "एका स्पर्धेत पोरी काय शिकणार?"

मी विचारलं, मग तात्यांना का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तात्या म्हणले असते, देवीच्या नावावर भीक मागती. आणि दुसरं कारण ही." तिनं मिनाजला पुढं घेतलं. "प्रत्येक घरी मी दारातच सांगते. ही मिनाज, चाँदपाशांची. माझ्या नऊ म्हणजे खेळणाऱ्या नऊ. बसतील तर हिच्यासकट बसतील. एका घरी नको म्हणाले. त्या दिवशी बाराही जणींनी केळी खाल्ली. तुमच्याही दारात विचारते. काय करायचं?"

बाकीच्या तिघींतल्या एकीला पाटावर बसवून मिनाजला बाजूला ठेवणं किती सोपं होतं! कोणाला कळलंही नसतं. ती तसं करत नव्हती.

मी म्हटलं, या. नऊ पाट मांडले, तिघींना शेजारी सतरंजी दिली. सगळ्यांचे पाय धुतले, मिनाजचेही, तुमच्या नावानं. तिचे तळवे मैदानावर पळून इतके खरखरीत झालेत की टॉवेलला अडकत होते. कुंकू लावलं. खण दिला. आणि तुम्ही सांगितलं तसं आग्रह करकरून वाढलं. चार-चार, पाच-पाच पोळ्या, वर तूप. पोरी नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही. काकूंना नक्की पोचलं.

तात्या, पण पुढचंही लिहायलाच हवं. संध्याकाळी अंतिम सामना होता. मी बघायला गेले. पोरी पळेचनात हो. पहिली तुकडी आत आली आणि बघता बघता तिघीही बाद. एक तर खांबाला धरून उभीच राहिली, पोटात दुखतंय म्हणून. रोजचं पुरण चाललं होतंच, पण तेव्हा सराव आणि सामने सकाळी, जेवणाआधी व्हायचे. काल माझ्याकडून उठून त्या थोडं पडल्या आणि थेट मैदानात. एकटी मिनाज शेवटपर्यंत नाबाद राहिली. शिट्टी वाजेपर्यंत तिला कोणी शिवू शकलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तरी थोडक्यात हरलो.

निवेदिता रडली नाही. पोरींना म्हणाली, "चूक माझी हाय. पैसे वाचवले आणि सामना घालवला."

संघ तिच्याकडून काढू नका, तात्या. तुमच्या संशयात मीही भर घातली. बुटाचं माप माझंच.

चारू


तुळजापूर,
सोमवार, १४ ऑक्टोबर

चि. चारू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि फाडलं नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मीच. पोरींना जेवू कोण घालतंय, म्हणून तुला कामाला लावलं, आणि शेवटच्या दिवशी जेवू घालणारा मीच निघालो. माझ्याच पैशाच्या पुरणानं माझा संघ हरला. हे कोणाला सांगायचीही सोय नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना कळलं तर मरेपर्यंत मला पोळी वाढताना हसतील.

निवेदिता काल आली. पैसे माझ्यासमोर ठेवले, जेवढे नेले होते तेवढे. म्हणाली, "तात्या, तुमी चारुताईला माझ्या मागं लावलं हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मला राग आला. मग वाटलं, विचारत तरी आहेत. कुणीच विचारलं नसतं तर पोरींचं काय झालं असतं?" मी चहा कर म्हणालो. तिनं केला, त्यात साखर घातली नाही. तेवढा तिचा हक्क आहे.

कोजागरीच्या बैठकीत मी सांगणार आहे, संघ तिच्याकडंच राहील. पुढच्या स्पर्धेचे पैसेही मंडळ देईल, आणि पोरी मेसमध्ये भाकरी-भाजी खातील. असली बचत परवडत नाही.

इथं पत्र संपायला हवं होतं. पण चारू, माझा स्वभाव तुला माहीत आहे. सगळा हिशेब लागल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि एक गोष्ट लागत नाही.

सगळ्या पोरी जड झाल्या, मग मिनाज कशी नाही झाली?

तू लिहितेस, चार-चार, पाच-पाच. चाँदपाशाची पोर पुरणपोळीवर जीव टाकते. होळीला आमच्याकडून त्याच्या घरी डबा जातो, त्यातलं घरच्यांना काही उरत नाही. तिची आई दर वर्षी हसत तक्रार करते. ती पोरगी तुझ्या पंगतीला बसली, तू आग्रह केलास, आणि संध्याकाळी ती हरणासारखी पळाली. हे मला पटेना.

काल चाँदपाशा तिला घेऊन आला. तुझा खण तिच्या हातात होता. तो म्हणाला, "तात्या, तुमच्या नावानं पोरीचे पाय धुतले म्हणं. हे वाण घरात ठिवू, का कुठं द्यायचं असतंय? आमाला रीत म्हाईत न्हाय." मी म्हटलं, ठेव, पोरीला पोलकं शिव. मग तिला जवळ घेऊन विचारलं, कराडच्या काकूंनी वाढलं का गं पोटभर? ती म्हणाली, "लई वाढलं आजोबा. मीच न्हाय म्हणलं. पोट भरलं हुतं."

आणि हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, खणाकडं बघत होती.

ती खोटं बोलली, हे मला कळलं. कोणाला सांभाळायला खोटं बोलली, हेही कळलं. एवढे दिवस मी संशय घेत गेलो, निवेदितावर, त्या म्हाताऱ्यावर, पिशव्यांवर, आणि एकही खरा ठरला नाही. आता हा एक उरलाय, आणि हा खोटा ठरावा म्हणून मी देवीला हात जोडतो.

तुला एकटीला दोष देत नाही. मीच लिहिलं होतं, तिच्यावरची नजर काढू नकोस, गरीब घरची आहे, फितेल. नजर ठेवणाऱ्याच्या हातून सैल वाढलं जात नाही. हे मला त्या वेळी कळायला हवं होतं.

तिच्या पानात किती पोळ्या पडल्या? एवढंच कळव.

तात्या


कराड,
मंगळवार, १५ ऑक्टोबर

ती. तात्या,

एक.

बाकीच्यांच्या पानात पोळी संपायच्या आत पडत होती. तिच्यापाशी आले की पुढच्या पानाकडं वळत होते. ठरवून केलं नाही, पण कळत होतं. पाय धुतले तेव्हा मला वाटलं, मी केवढं मोठं केलं, आणि ते तुम्हाला लिहिलंही. दारात नको म्हणणारं ते घर निदान खरं बोललं होतं. तिची एक पोळी संपली तेव्हा तिनं मान वर करून माझ्या हातातल्या ताटाकडं पाहिलं. मी तूप आणायला म्हणून आत गेले. बाहेर आले तेव्हा ती रिकामं पान दुमडत होती.

संध्याकाळी ती पळत होती आणि भोवती लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काय खाऊन येते ही पोरगी?" तात्या, मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मला माझी लाज वाटते. तिनं तुमच्याजवळ माझी बाजू घेतली हे वाचून तर जास्तच.

हे पत्र पौर्णिमेला येणाऱ्या मंडळींच्या हाती देते. रविवारी मी स्वतः येते. पुरण इथून करून आणणार नाही, तुमच्याच घरी तिच्यासमोर शिजवीन. त्या दिवशी सामना नसेल ना, तेवढं निवेदिताला विचारून ठेवा. मिनाजला बोलवा, तिच्या आईलाही. मी वाढीन, आणि ती नको म्हणेपर्यंत थांबणार नाही.

हे पत्र फाडू नका, तात्या. वाचून झालं की निवेदिताच्या हातात द्या.

चारू